नाट्यात्म उपरोध

नाट्यात्म उपरोध : नाटकातील वा कथेतील पात्राला स्वतःच्या परिस्थितीविषयी जे ठाऊक नसते, ते प्रेक्षकाला वा वाचकाला आधीच ठाऊक असल्यामुळे पात्राच्या बोलण्याला व वागण्याला त्याच्या नकळत जो दुसरा अर्थ प्राप्त होतो, त्यास नाट्यात्म उपरोध म्हणतात. या तंत्राला तीन घटकांची गरज असते : अज्ञानात असलेले पात्र, जाणता प्रेक्षक आणि त्या दोहोंना एकाच वेळी ऐकू येणारे वाक्य किंवा दिसणारी कृती. पात्राला त्या वाक्याचा एकच अर्थ कळतो, प्रेक्षकाला दोन कळतात. या दोन अर्थांमधील अंतरातूनच करुणा, भय, हास्य किंवा विषाद निर्माण होतो.

नाटकावरून नाव पडले असले, तरी हे तंत्र नाटकापुरते मर्यादित नाही. महाकाव्य, आख्यान, कीर्तन, कादंबरी, कथा व चित्रपट या सर्व कथनप्रकारांत ते आढळते. मराठीत ‘उपरोध’ हा शब्द रूढार्थाने टोमणा किंवा कुत्सित बोलणे या अर्थी वापरला जातो; त्यामुळे प्रस्तुत संज्ञेविषयी गैरसमज होण्याचा संभव आहे. वाचिक उपरोधात बोलणाराच जाणता असतो. तो एक बोलतो व दुसरे सुचवितो. नाट्यात्म उपरोधात बोलणारा अजाण असतो आणि तो जे बोलतो ते मनापासून बोलतो. येथे टोमणा कोणीच मारीत नाही. असलाच, तर तो परिस्थितीचा असतो.

संकल्पनेचा उगम : ग्रीक सुखात्मिकेत स्वतःला अज्ञानी भासवून बढाईखोर पात्राला उघडे पाडणारे एक ठरीव पात्र असे, उपरोधवाचक यूरोपीय शब्द त्याच्या नावावरून आले आहेत. नाट्यात्म उपरोधाचे सर्वपरिचित उदाहरण मात्र ग्रीक शोकात्मिकेतील आहे. सोफोक्लीझच्या (इ. स. पू. पाचवे शतक) ‘ईडिपस राजा’ या नाटकात थीब्झ नगरीवर आलेल्या रोगराईचे निवारण व्हावे म्हणून ईडिपस पूर्वीच्या राजाच्या खुन्याला शाप देतो आणि त्याला शोधून काढण्याची प्रतिज्ञा करतो. खुनी तो स्वतःच आहे, हे अथेन्समधील प्रेक्षकाला दंतकथेवरून ठाऊक होते. त्यामुळे न्यायप्रिय राजाचे प्रत्येक वाक्य त्याच्या स्वतःच्या विनाशाचा हुकूम ठरते. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या विवेचनात विपर्यास व अभिज्ञान या संकल्पनांची चर्चा केली. परंतु या विशिष्ट परिणामाला स्वतंत्र नाव दिले नाही. इंग्रज विद्वान कॉनप थर्लवॉल याने १८३३ मध्ये सोफोक्लीझच्या उपरोधावर निबंध लिहिल्यानंतर ही संकल्पना पश्चिमी समीक्षेत स्थिरावली.

विस्मय, उत्कंठा आणि उपरोध : या तिन्ही परिणामांचा आधार माहितीची वाटणी हा आहे. लेखक माहिती पात्रापासून व प्रेक्षकापासून सारखीच लपवून ठेवतो आणि एकदम उघड करतो, तेव्हा विस्मय निर्माण होतो. पुढे काय होणार हे निश्चित नसते, तेव्हा उत्कंठा निर्माण होते. नाट्यात्म उपरोधात प्रेक्षकाच्या हाती माहिती आधीच दिलेली असते. विस्मय एकदाच घडू शकतो. दुसऱ्या वाचनात तो उरत नाही. उपरोध मात्र दुसऱ्या वाचनात वाढतो, कारण त्याचे मूळ नावीन्यात नसून ज्ञातात असते. ज्या समाजात रामायण-महाभारतातील कथा लहानपणापासून प्रत्येकाच्या कानावर पडतात, तेथे कथेचा शेवट लपविणे कथनकाराला शक्यच नसते. त्याने या अडचणीचेच साधन केले. म्हणून भारतीय कथनपरंपरेत नाट्यात्म उपरोध हे क्वचित वापरले जाणारे तंत्र नसून कथनाची सर्वसाधारण परिस्थितीच आहे, असे म्हणता येते.

भारतीय नाट्यशास्त्रातील विचार : संस्कृत नाटकात शोकात्मिका नाही, म्हणून त्यात नाट्यात्म उपरोधही नाही, असा निष्कर्ष कधीकधी काढला जातो, तो बरोबर नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘पताकास्थानक’ या नावाने जी कल्पना सांगितली आहे, ती या तंत्राला पुष्कळच जवळची आहे. एका गोष्टीचा विचार वा उच्चार चालू असता तिच्याशी जुळणारी दुसरीच गोष्ट अकल्पितपणे पुढे येऊन भावी घटनेचे सूचन होणे, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. भरताने पताकास्थानकाचे चार प्रकार मानले असून विश्वनाथाने साहित्यदर्पणात तेच स्वीकारले आहेत. धनंजयाने दशरूपकात प्रसंगसाम्य व विशेषणसाम्य यांवर आधारलेले दोन प्रकार सांगितले आहेत. तथापि पताकास्थानक व नाट्यात्म उपरोध या संकल्पना सर्वस्वी एक नव्हेत. पताकास्थानकाचा भर शब्दाच्या वा प्रसंगाच्या सूचकतेवर आहे, तर नाट्यात्म उपरोधाचा भर प्रेक्षकाच्या पूर्वज्ञानावर आहे. शास्त्रकारांनी क्षणापुरत्या द्व्यर्थाला नाव दिले. संपूर्ण अंकभर टिकणाऱ्या अज्ञानाचा उपयोग मात्र नाटककारांनी शास्त्राची वाट न पाहता केला.

कालिदासाचे अभिज्ञानशाकुंतल हे याचे ठळक उदाहरण होय. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. कालिदासाने दुर्वासाच्या शापाची योजना करून या असत्याचे अज्ञानात रूपांतर केले. शाप शकुंतलेच्या सख्यांनी व प्रेक्षकांनी ऐकलेला असतो. शकुंतला व दुष्यंत यांना त्याची वार्ताही नसते. परिणामी पाचव्या अंकातील प्रत्याख्यानाच्या प्रसंगी दोन निरपराध माणसे एकमेकांना अपराधी मानतात आणि सत्य फक्त प्रेक्षकाला ठाऊक असते. शापाच्या योजनेमुळे नायकाचे चारित्र्य वाचले, एवढेच सहसा सांगितले जाते. त्या योजनेमुळे या प्रसंगाचा सारा भार प्रेक्षकाच्या मनावर आला, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

वरदेच्या खोऱ्यातील परंपरा : वर्धा नदीचे प्राचीन नाव वरदा. आजच्या वर्धा जिल्ह्याशी व त्याच्या शेजारच्या प्रदेशाशी संबंधित असलेल्या प्राचीन साहित्यात नाट्यात्म उपरोधाच्या बहुतेक सर्व छटा पाहावयास मिळतात. त्यामुळे या तंत्राचे कार्य कसे चालते, हे एकाच भूभागाच्या आधारे तपासता येते.

यांपैकी पहिला ग्रंथ सेतुबंध हा होय. रावणवध या नावानेही ओळखले जाणारे हे महाराष्ट्री प्राकृतातील पंधरा आश्वासांचे महाकाव्य पाचव्या शतकातील वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याच्या नावावर आहे. कालिदासाने ते रचले वा त्यावर संस्कार केले, अशीही एक परंपरा आहे. बाण व दंडी यांनी या काव्याचा गौरव केला आहे. प्रवरसेनाचे काही ताम्रपट प्रवरपुराहून दिलेले आहेत. वा. वि. मिराशी यांनी हे प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातील धाम नदीकाठचे पवनार होय, असे प्रतिपादन केले. नागपूर जिल्ह्यातील मनसर येथे गेल्या शतकाच्या अखेरीपासून झालेल्या उत्खननांनंतर काही अभ्यासकांनी प्रवरपुराचे स्थान तेथे मानले. त्यामुळे या प्रश्नावर एकमत नाही. पवनार येथे विनोबा भावे यांच्या आश्रमाच्या जागेत जमीन खणताना वाकाटककालीन शिल्पपट्ट सापडले. मिराशी यांनी त्यांतील प्रसंग रामकथेतील मानले असून काहींनी त्यांचा वेगळा अर्थ लावला आहे. स्थाननिश्चितीचा निर्णय काहीही होवो, वाकाटकांच्या राजसभेत रामकथा सर्वांच्या परिचयाची होती आणि सेतुबंधाचा कवी जाणत्या श्रोत्यांसाठी लिहीत होता, याविषयी शंका नाही.

या काव्याच्या अकराव्या आश्वासात रावणाच्या आज्ञेवरून सीतेला रामाचे छिन्न मस्तक दाखविले जाते. मस्तक मायेचे आहे. रावणाला, राक्षसांना व वाचकाला हे ठाऊक आहे; ज्या एका व्यक्तीला ते ठाऊक असणे आवश्यक, तिलाच ते ठाऊक नाही. सीता मूर्च्छित होते, शुद्धीवर येते आणि विलाप करते. त्रिजटा तिचे सांत्वन करते. तरी शोक शमत नाही. मूळ प्रसंग वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडातील आहे. तेथे विद्युज्जिह्व हा मायावी राक्षस मस्तक व धनुष्य निर्माण करतो, रावण निघून जाताच दोन्ही अदृश्य होतात आणि सरमा ही राक्षसी सीतेला खरी हकिगत सांगते. सेतुबंधाच्या कवीने सांत्वनाची भूमिका त्रिजटेकडे दिली आणि विलापाला आश्वासाचा मोठा भाग दिला.

येथे समीक्षेच्या दृष्टीने एक प्रश्न उपस्थित होतो. मस्तक खोटे आहे हे वाचकाला ठाऊक असेल, तर एवढा विस्तृत विलाप त्याला निरर्थक का वाटू नये? ज्या आपत्तीचे अस्तित्वच नाही, तिच्याविषयी करुणा कशी निर्माण व्हावी? याचे उत्तर असे की, मस्तक खोटे असले तरी शोक खरा आहे. राम खरोखरच मारला गेला असता, तर वाचकाचे लक्ष रामाच्या मृत्यूकडे, युद्धाच्या निर्णयाकडे व कथेच्या भवितव्याकडे विभागले गेले असते. राम जिवंत आहे हे ठाऊक असल्यामुळे त्या सर्व चिंता गळून पडतात आणि समोर केवळ सीतेचे दुःख उरते. रावणाचे क्रौर्यही येथेच पूर्णपणे प्रकट होते, कारण हा घाव कोणत्याही शस्त्राने केलेला नसून केवळ माहितीने केलेला आहे. त्याने सीतेपासून काहीही हिरावून घेतलेले नाही; तिच्या आणि सत्याच्या मध्ये एक पडदा तेवढा उभा केला आहे. नाट्यात्म उपरोध करुणेला कमी करतो, हा समज या एका प्रसंगाने खोटा ठरतो. तो करुणेतून उत्सुकता वजा करतो आणि करुणा निर्भेळ करतो.

सेतुबंधातील सीतेला खोटा मृत्यू खरा वाटतो. नलोपाख्यानात खरा पती अनोळखी ठरतो. महाभारताच्या वनपर्वातील या आख्यानाची नायिका दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या. त्याची राजधानी कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर, अशी परंपरा आहे. नदीच्या दुसऱ्या बाजूस वर्धा जिल्ह्याचा आर्वी तालुका आहे. राज्य गमावून विरूप झालेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होऊन राहतो. दमयंती आपल्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता मुद्दाम फक्त ऋतुपर्णाकडे धाडते व मुदत एका दिवसाची ठेवते. एवढ्या वेळात रथ नेऊ शकणारा सारथी नलच असणार, हा तिचा तर्क. ऋतुपर्ण वधू मिळविण्याच्या आशेने निघतो आणि ज्याच्या पत्नीला वरण्यासाठी तो निघाला आहे, तोच त्याचा रथ हाकतो. नलाला मात्र स्वयंवर खरे वाटते. कुंडिनपुरात पोहोचल्यावर स्वयंवराचे कोणतेच चिन्ह न दिसल्याने ऋतुपर्ण गोंधळतो आणि आपण भेटीसाठी आल्याचे सांगतो. पाहुणा कशासाठी आला हे यजमान भीमालाही ठाऊक नसते.

या आख्यानात अज्ञानाच्या पायऱ्या आहेत. ऋतुपर्णाला सर्वांत कमी ठाऊक आहे. नलाला स्वतःची ओळख ठाऊक आहे, पण पत्नीचा हेतू नाही. दमयंतीला हेतू ठाऊक आहे, पण सारथ्याची ओळख निश्चित नाही. श्रोत्याला सर्वच ठाऊक आहे. पुढे दमयंती रथाच्या घोषावरून, दासीने केलेल्या निरीक्षणावरून, बाहुकाने शिजविलेल्या अन्नाच्या चवीवरून आणि मुलांना पाहून त्याच्या डोळ्यांत आलेल्या अश्रूंवरून एक-एक पायरी चढत श्रोत्याच्या ज्ञानापर्यंत येते. श्रोत्याचा आनंद रहस्य उलगडण्याचा नसून पात्र आपल्यापर्यंत येऊन पोहोचण्याचा आहे. शिवाय ही कथा बृहदश्व ऋषी द्यूतात राज्य गमावलेल्या युधिष्ठिराला सांगतो. त्यालाही पुढे विराटाच्या घरी नाव बदलून राहावयाचे आहे, हे महाभारताच्या श्रोत्याला आधीच ठाऊक असते.

कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात याच प्रदेशाची राजकन्या परक्या राजवाड्यात दासी होऊन राहते. विदर्भातील माधवसेन पकडला गेला व त्या गोंधळात त्याची बहीण नाहीशी झाली, ही बातमी कालिदासाने पहिल्याच अंकात प्रेक्षकाच्या कानावर घातली आहे. राजवाड्यात मात्र मालविका कोण हे कोणी ओळखत नाही. परिव्राजिकेला ते ठाऊक असून ती एका भविष्यकथनास मान देऊन मौन पाळते. या नाटकाची कथा सर्वपरिचित नव्हती. त्यामुळे आवश्यक ते ज्ञान नाटकातच पुरविणे कालिदासाला भाग पडले, ही गोष्ट तंत्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. पाचव्या अंकात मालविकेची ओळख पटते आणि त्याच अंकात विदर्भाचे दोन भाग करून वरदा नदी ही त्यांची सीमा ठरविली जाते. येथील उपरोध हलका व प्रसन्न आहे. राणी धारिणी ज्या मुलीला राजाच्या दृष्टीपासून दूर ठेवू पाहते, तिला अखेर स्वतःच्या हाताने राजाला देते.

भवभूतीचे पूर्वज विदर्भातील पद्मपूरचे. मिराशी यांनी हे गाव गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पद्मपूर असल्याचे मानले आहे. त्याच्या उत्तररामचरितात नाट्यात्म उपरोधाचा भारतीय साहित्यातील कदाचित सर्वांत गंभीर उपयोग आढळतो. पहिल्या अंकात राम व सीता आपल्या गतायुष्याची चित्रे पाहतात. ती पाहून गर्भवती सीतेला पुन्हा अरण्यात हिंडण्याची व भागीरथीत स्नान करण्याची इच्छा होते आणि राम तिच्यासाठी रथ सज्ज करण्यास सांगतो. सीता त्याच्या बाहूवर झोपी जाते. हिचे सारेच प्रिय आहे, असह्य आहे तो केवळ विरह, अशा आशयाचे शब्द रामाच्या तोंडी येतात न येतात तोच प्रतिहारी येऊन कोणीतरी उपस्थित झाल्याचे सांगते. आलेला असतो लोकापवादाची वार्ता घेऊन दुर्मुख. पताकास्थानकाचे हे प्रसिद्ध उदाहरण होय. परंतु अधिक खोल उपरोध रथाचा आहे. सीतेचे डोहाळे पुरविण्यासाठी मागविलेला रथच तिच्या त्यागाचे साधन होतो आणि त्यात ती आनंदाने बसते.

तिसऱ्या अंकात भवभूतीने परिस्थिती उलटविली आहे. जनस्थानात आलेला राम सीतेच्या आठवणीने व्याकूळ होतो. सीता तेथेच, पण अदृश्य रूपात, तमसेसह उभी आहे. प्रेक्षकाला ती दिसते, रामाला व वासंतीला दिसत नाही. सीता येथे स्वतःच प्रेक्षकाच्या जागी आली आहे : तिला सर्व कळते, पण तिला काही बोलता येत नाही. सातव्या अंकातील गर्भनाटकात राम प्रेक्षक होतो आणि समोर जे चालले आहे ते नाटक आहे, याचा त्याला विसर पडतो. जाणणाऱ्याची असहायता हाच नाट्यात्म उपरोधाचा गाभा आहे, हे भवभूतीने जेवढे ओळखले तेवढे क्वचितच कोणी ओळखले असेल.

मराठी साहित्य व रंगभूमी : मराठीतील आख्यानकाव्य व कीर्तन या दोन्ही प्रकारांचा आधार श्रोत्याचे पूर्वज्ञान हाच आहे. कीर्तनकार उत्तररंगात जे आख्यान लावतो, ते श्रोत्यांनी अनेकदा ऐकलेले असते. पुढे काय होणार याची माहिती त्यांना नको असते. पात्राला अजून ते कळलेले नाही, या क्षणाचा विस्तार त्यांना हवा असतो. कीर्तनकार त्या क्षणी थांबतो, दृष्टांत देतो, गातो व मग पुढे जातो.

संगीत नाटकाला हा श्रोतृवर्ग आयताच लाभला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत सौभद्र (१८८२) या नाटकाची सारी रचना नाट्यात्म उपरोधावर उभी आहे. बलरामाला सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी करावयाचा असतो; तोच बलराम यतिवेषातील अर्जुनाला सन्मानाने घरी आणतो आणि त्याच्या सेवेसाठी सुभद्रेची नेमणूक करतो. कृष्णाला व प्रेक्षकाला सर्व ठाऊक असते. या नाटकात प्रेक्षकाचे स्थान कृष्णाच्या शेजारी आहे आणि त्याच्या आनंदाचे कारणही तेच आहे. राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला (१९१९) या नाटकात हेच तंत्र भयासाठी वापरले आहे. सुधाकर पहिला पेला उचलतो, तेव्हा तो एकच असल्याची त्याची खात्री असते. नाटकाचे नाव वाचून आलेल्या प्रेक्षकाची तशी खात्री नसते. शीर्षकातच उपरोध साठविण्याचे हे मराठीतील उत्तम उदाहरण होय.

कादंबरीत हे कार्य निवेदकाच्या मर्यादित जाणिवेतून साधले जाते. ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या १८९० पासून करमणूक पत्रातून प्रसिद्ध होऊ लागलेल्या कादंबरीत यमू आपली हकिगत स्वतःच सांगते. लहानपणी जे तिने नुसते पाहिले, त्याचा अर्थ वाचकाला तिच्याआधी कळतो. लग्न, सासर, रूढी यांविषयीची तिची साधी वाक्ये वाचकाला अस्वस्थ करतात. येथे पौराणिक पूर्वज्ञानाची जागा सामाजिक पूर्वज्ञानाने घेतली आहे : वाचकाला कथा ठाऊक नाही, पण समाज ठाऊक आहे.

विजय तेंडुलकर यांच्या शांतता! कोर्ट चालू आहे (१९६७) या नाटकात ज्ञानाची वाटणी निराळी आहे. आरंभी प्रेक्षकाला काहीच ठाऊक नसते. अभिरूप खटल्याचा खेळ पाहून तो हसतो. आरोप खेळातला नाही हे हळूहळू ध्यानात येते, तेव्हा आपल्याच हसण्याचा अर्थ त्याला बदललेला दिसतो. येथे उपरोधाचा विषय प्रेक्षकच होतो. महेश एलकुंचवार यांच्या वाडा चिरेबंदी (१९८५) या विदर्भातील खेड्यात घडणाऱ्या नाटकात वाड्याचा कर्ता पुरुष मरण पावला आहे आणि त्याची जराजर्जर आई, भान नसल्यामुळे, त्याला हाका मारीत राहते. सेतुबंधातील सीता जिवंत माणसासाठी शोक करते. एलकुंचवारांची म्हातारी मृत माणसाची वाट पाहते. दीड हजार वर्षांच्या अंतराने याच प्रदेशात निर्माण झालेल्या या दोन कृतींत तंत्र एकच आहे आणि दिशा उलट आहे. पहिल्या कृतीत सत्य कळल्याने दुःख संपणार आहे. दुसरीत ते न कळणे हीच उरलेली दया आहे.

मूल्यमापन : नाट्यात्म उपरोध हे सोपे तंत्र आहे, त्यामुळे त्याचा दुरुपयोगही सहज होतो. पात्राचे अज्ञान त्याच्या स्वभावातून, परिस्थितीतून किंवा कथेतील एखाद्या खऱ्या कारणातून आलेले असले, तरच उपरोध टिकतो. एक वाक्य बोलल्याने जो गैरसमज दूर झाला असता, तो केवळ कथा लांबावी म्हणून टिकविला, तर प्रेक्षकाला पात्राची कीव न येता लेखकाची युक्ती दिसू लागते. गैरसमजांवर चालणाऱ्या अनेक प्रहसनांची व दूरदर्शन मालिकांची ही उणीव आहे. दुसरा धोका श्रेष्ठत्वाच्या भावनेचा आहे. प्रेक्षकाला पात्रापेक्षा अधिक ठाऊक असते, म्हणून तो पात्राहून शहाणा ठरत नाही; त्याला केवळ बसण्याची जागा चांगली मिळालेली असते. ज्या कृती या गोष्टीचा विसर पडू देतात, त्यांत उपरोधाचे रूपांतर उपहासात होते.

आधुनिक काळात या तंत्रापुढे आणखी एक अडचण आहे. पुराणकथांचे सामाईक ज्ञान पूर्वीइतके गृहीत धरता येत नाही. त्यामुळे मालविकाग्निमित्रात कालिदासाला जे करावे लागले, तेच आजच्या लेखकाला करावे लागते : पात्राला अंधारात ठेवण्यापूर्वी प्रेक्षकाच्या हाती दिवा द्यावा लागतो. सामाईक कथा मागे पडल्या, की जुन्या कृतींतील उपरोधही हळूहळू मुके होतात. भागीरथीच्या वाटेने निघालेला रथ कोठे जाणार हे ज्याला ठाऊक नाही, त्याला उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकात पतिपत्नींची एक गोड भेट तेवढी दिसेल. सेतुबंधाचीही थोडीबहुत अशीच स्थिती आहे. त्याची प्राकृत भाषा मराठीच्या पूर्वपरंपरेतील असूनही ते आज मुख्यतः अभ्यासकांपुरते उरले आहे.

नाट्यात्म उपरोधाचे खरे महत्त्व तंत्राहून व्यापक आहे. तो प्रेक्षकाला ज्ञान देतो, पण त्या ज्ञानाचा वापर करू देत नाही. सीतेला मस्तक खोटे असल्याचे सांगावे, रथात बसू नको म्हणावे, सुधाकराच्या हातातील पेला काढून घ्यावा, असे प्रत्येक प्रेक्षकाला वाटते आणि कोणालाही ते करता येत नाही. ही असहायता नाट्यगृहापुरती असते. यमूच्या कथेत मात्र तिची सीमा संपते, कारण तेथे वाचकाला जे ठाऊक असते ते त्याच्या स्वतःच्या घरातील असते. कादंबरीचे शीर्षक प्रश्नार्थक आहे, ते यामुळेच. ज्याला आधीच सर्व कळलेले आहे, त्याने पुढे काय करावे, हा प्रश्न नाट्यात्म उपरोध पात्राला विचारीत नाही, प्रेक्षकाला विचारतो.